भिंतीला चिकटलेली गोष्ट

या, असे पुढे सरका. दाराशी बसलेल्यांनीही आत या. तिथं वारा लागतो आणि अर्धंच ऐकू येतं. अर्धी गोष्ट पदरात पडली की माणसाचं काय होतं, तेच तर आज सांगायचं आहे. दिवसभर राबून आला असाल तर भिंतीला टेका, पाय पसरा. डोळे मिटले तरी माझा राग नाही, कान तेवढे इकडे असू द्या. देवाच्या दारात दमलेल्या माणसाला पहिली जागा असते असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि या गोष्टीतली सगळीच माणसं दमलेली आहेत.

एक आई होती. बाइंडिंगखान्यात घडीच्या कामाला होती. छापखान्यातून मोठाले ताव यायचे, एकेक ताव तान्हं मूल निजवता येईल एवढा. तावाच्या एका बाजूला आठ पानं, पाठीमागं आठ. ती काही ओळीनं छापलेली नसतात बरं का. चौथ्याच्या शेजारी तेरावं, शेवटच्याला चिकटून पहिलं, आणि वरच्या रांगेतली सगळी डोकं खाली, पाय वर. नवख्यानं पाहिलं तर म्हणेल, छापणाऱ्यानं जरा जास्तच घेतली होती वाटतं! पण घडीवर घडी घातली, कडेनं पट्टी फिरवली, की पानं पोरांसारखी आपापल्या जागी जाऊन बसतात. आईच्या हातांना हे पाठ होतं. डोक्याला विचारायची वेळ येत नसे, आणि संध्याकाळपर्यंत डोकं जागेवर उरतही नसे. मनगटं मात्र रात्री ठणकत.

बाप गिलाव्याचं काम करायचा. दुसऱ्यांच्या भिंती अशा करायचा की माशी बसली तर घसरावी. काम संपलं की ठेकेदार नव्या शहरात जायचा आणि त्याच्यामागं ही माणसं. आपला मुलूख सोडून आलेल्यांचं असंच असतं. एकदा मुळं उपटली की कुंडी कुठंही ठेवा. तीन शहरं झाली होती. त्यांतल्या दोन ठिकाणी लेकीला शाळा मिळाली आणि दोन्ही ठिकाणी बाकाची ओळख होईपर्यंत बोचकी बांधायची वेळ आली.

लेकीला घरात ठकी म्हणत. तान्ही असताना लाकडी बाहुलीसारखी टक लावून बघायची, म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. आता नऊ वर्षांची झाली होती, पण बघणं तसंच.

या चौथ्या शहरात त्यांना एका गॅरेजच्या मागची खोली मिळाली. आतल्या भिंतीला ओल. बापानं हात लावून पाहिलं आणि हसला. "बघ गं, गिलावेवाल्याच्या नशिबी ही भिंत!"

"मग करा की गिलावा," आई म्हणाली.

"भाड्याच्या भिंतीला? आज मी करायचा आणि उद्या मालकानं खोली छान झाली म्हणून भाडं वाढवायचं?"

तेव्हा आईनं बाइंडिंगखान्यातले खराब ताव आणले. शाई फिकी उतरलेले, कोपरा दुमडलेले ताव रद्दीत जायचे; मुकादम ते कामगारांना नेऊ द्यायचा. बापानं पिठाची खळ शिजवली आणि मन लावून भिंतभर ताव डकवले. ठकीच्या अंथरुणाशेजारी जो ताव आला, तो एका चित्रांच्या पुस्तकाचा होता. लांबून आलेलं एक कुटुंब, त्यांची मुलगी आणि तिची शाळा, अशी ती गोष्ट. सरकारनं ती हौसेनं छापून घेतली होती, गावोगावच्या शाळांत वाटायला.

बाप कामावर, आई कामावर. शाळा अजून नाही. ठकी त्या भिंतीशी बसून राहायची. इथली लिपी तिला मागच्या शहरात अर्धीमुर्धी आली होती, उरलेली तिनं भिंतीवरून उचलली. अक्षर अडलं तर गॅरेजमधल्या मेस्त्रीला विचारून यायची. खालची रांग बसून वाचायची, वरची रांग उभी राहून. ती उलटी होती तर उलटी. पोरांना कोण सांगतं सुलटं काय ते? बघता बघता तिला उलटी अक्षरंही सुलट्याइतकीच भराभर वाचता यायला लागली. बांधलेलं पुस्तक घरात नव्हतंच. तयार पुस्तकं गठ्ठे बांधून जायची, त्यांना कामगारांनी हात लावायचा नसे.

आता शाळेत चला.

आईनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तीही तोंड वाकडं करून मिळाली. ठकीच्या वेण्या घट्ट घातल्या आणि दोघी मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बसल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. टेबलावर वह्यांचे ढीग, चहा गार झालेला, चेहरा त्या चहासारखाच.

"नऊ वर्षांची? म्हणजे चौथीत बसायला हवी. वाचता येतं का गं?"

"येतं. रोज वाचते."

"अरे वा. काय वाचतेस?"

"भिंत."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. आई नुसतीच हसली. तिला इथली भाषा पोटापुरती येत होती, पण शाळेतली भाषा वेगळी असते, ती लवकर धाप लावते.

बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि पुढं सरकवलं. "हे वाच. आणि गोष्ट मला तुझ्या शब्दांत सांग."

ठकीचा चेहरा उजळला. तेच पुस्तक! ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं झालं तिला. तिनं पानं चाळून बस थांबल्याचं चित्र शोधलं आणि खडाखडा वाचलं. "ही माणसं नव्या गावात उतरतात." मग पुढची बरीच पानं उडवून फाटकाचं चित्र काढलं. "मग शाळेचं फाटक उघडतं." मग एकदम शेवटचं पान. "मग ती बाकावर बसते आणि हसते." मग पुस्तक परत मागं, पहिल्या पानावर. "मग ते बोचकी बांधतात आणि निघतात."

"थांब थांब," बाई म्हणाल्या. "निघतात कुठं?"

"दुसरीकडे," ठकी म्हणाली, आणि तिनं पुस्तक सरळ उलटं केलं, डोकं खाली, पाय वर. "मग तिथला माणूस म्हणतो, जागा नाही. मग आई रांगेत उभी राहते. मग मोठे साहेब म्हणतात, प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे. मग ती मुलगी कुंपणाच्या बाहेरून शाळा बघत राहते. संपली."

 आई मागच्या बाकावर बसली होती, खरं सांगायचं तर बसल्या बसल्या पेंगत होती. सकाळी लवकर उठून तिनं कामाचा वाटा उरकला होता. ठकीनं काय केलं हे तिनं पाहिलंच नाही.

"हे बघा," बाई आईला हळू आवाजात म्हणाल्या, "मुलगी गोड आहे. पण आधी काय, नंतर काय, हे तिला कळत नाही. पुस्तक उलटं धरते. चौथीत हिचे हाल होतील. कायद्यानं मी नाही म्हणू शकत नाही, म्हणायचंही नाही. लहान मुलांबरोबर तयारीच्या वर्गात बसू दे. तिथं सध्या जागा नाही. झाली की कळवू."

आईला भाषा कमी येत होती, पण 'कळवू' तिला कळलं. तो शब्द तिनं तीन शहरांत ऐकला होता.

रस्त्यात तिनं ठकीचा हात जरा जोरातच ओढला. "पुस्तक उलटं धरतात का गं? वटवाघूळ आहेस का तू?"

"ते पान उलटंच असतं, आई."

"कुणी सांगितलं तुला?"

"आपल्या घरी असतं."

 ठकीला खोलीत सोडून आईला परत कामावर जायचं होतं. पण जरा दम खावा म्हणून ती ठकीच्या अंथरुणावर टेकली आणि समोर भिंत आली. त्या पुस्तकाच्या ढिगांनी घड्या घातल्या होत्या तिनं, पण चित्र एकही बघितलं नव्हतं. आज पहिल्यांदा बघितलं. खालची रांग, वरची रांग. शेवटच्याला चिकटून पहिलं. घडी न घालताच पोरीनं ताव ओळीनं वाचला होता! तिला एकदम हसू फुटलं. फुटलं ते थांबेना.

"काय झालं, आई?"

"काही नाही. तुझी गोष्ट मला सांग बरं. पहिल्यापासून."

ठकीनं सांगितली. बोचकी बांधतात इथं आली आणि आईचं हसू गेलं. पोरीनं ही गोष्ट रोज वाचली, आणि एकदाही तिला वाटलं नाही की यात काही चुकलंय. वाटणार कसं? शाळा मिळते, मग बोचकी बांधतात. नव्या जागी जागा नसते. आई रांगेत उभी राहते. साहेब गोड बोलतात. मूल कुंपणाबाहेर. यातलं खोटं कुठलं? छापणाऱ्यानं मनाशी एक गोष्ट धरली होती, भिंतीनं दुसरीच सांगितली, आणि भिंतीची गोष्ट या घराला अंगाबरोबर बसली होती.

दुपारी आई मुकादमापुढं जाऊन उभी राहिली. "मुकादम, एक पुस्तक हवंय. बांधलेलं. ते शाळेचं."

"आता पुस्तक कशाला? सकाळी रजा, दुपारी पुस्तक, संध्याकाळी खुर्ची मागशील माझी."

"खुर्ची तुम्हालाच लखलाभ. पोरीसाठी हवंय."

मुकादम पुटपुटला, पण कोपऱ्यातल्या टोपलीत हात घालून त्यानं एक प्रत काढली. पुठ्ठा तिरका बसलेला. "ने. तोंड वाकडं आहे, बाकी माणूस चांगला आहे."

संध्याकाळी ठकीनं ते पुस्तक मांडीवर घेतलं. आईनं सांगितलं, "या कडेनं सुरू करायचं. एक पानही सोडायचं नाही." आणि काय सांगू तुम्हाला, निम्मी चित्रं तिनं जन्मात पाहिली नव्हती! ती खळीखाली होती, भिंतीकडे तोंड करून. त्या मुलीला एक मैत्रीण होती. रस्ता दाखवणारी एक म्हातारी होती. शाळेतल्या बाई तिच्या आईच्या खांद्यावर हात ठेवत होत्या. ठकी एकेक पान उलटताना श्वास धरायची. आपलंही तसंच असतं, नाही का? मागचं पानही देवानंच छापलेलं असतं, पण आपल्याला उजेडाकडचं तेवढं दिसतं.

शेवटचं पान आलं.

"पुढं?"

"संपली."

"आणि बोचकी?"

"ती पहिल्याच पानावर बांधली ना."

"परत नाही बांधत?"

"नाही."

"कधीच?"

आई तिचं मनगट चोळत राहिली. "पुस्तकात तरी नाही."

ठकीनं पुस्तक मिटलं, भिंतीकडे पाहिलं. "मग भिंतीवरचीच खरी," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तेवढ्यात बाप आला. केसांत, भुवयांत चुना. बूट काढता काढताच म्हणाला, "अगं, ऐकलंस का? इथलं काम उरकतंय. ठेकेदार म्हणतो, महिनाअखेर पलीकडच्या शहरात. मोठी इमारत आहे, वर्ष-दीड वर्षाची निश्चिंती."

"शाळेचं चाललंय हो इथं."

"तिकडे शाळा नसतील का? घंटा सगळीकडे सारखीच वाजते."

"आत कोण असतं ते सारखं नसतं," आई म्हणाली आणि पान वाढायला उठली. त्या दिवशी तो विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या आठवड्यात ती ठकीला घेऊन परत शाळेत गेली. शाळेकडून निरोप नव्हता, बोलावणं नव्हतं. मोठ्या बाई व्हरांड्यातच भेटल्या.

"मी कळवणार होते ना?"

"हो बाई. एकदा परत ऐका. एकदाच."

बाईंनी घड्याळ पाहिलं, ठकीचा चेहरा पाहिला आणि तिथंच पायरीवर बसल्या. ठकीनं गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, क्रमानं, म्हातारीसकट आणि मैत्रिणीसकट. "...मग ती बाकावर बसते. पुस्तक इथं संपतं."

"शाबास! मग त्या दिवशी काय झालं होतं तुला?"

"त्या दिवशी मी भिंतीवरची सांगितली. तिच्यात नंतर बोचकी बांधतात."

आईनं हातांनी तावाची घडी करून दाखवायचा प्रयत्न केला, शब्द अडले, तिनं हात खाली घेतले. बाईंना त्यातलं थोडं कळलं, थोडं नाही.

"पण आता कळलं ना, खरी गोष्ट कुठली ते?"

ठकीनं टक लावून पाहिलं. "पुस्तकातली मला पाठ आहे, बाई. पण आमचं भिंतीवरच्यासारखंच होतं. बाबांचं काम संपलं की."

बाईंनी चष्मा काढला. चष्म्याखालचे डोळे म्हातारे नव्हते, नुसते थकलेले होते. ठकीला त्यांनी झाडाखाली खेळायला पाठवलं आणि आईला शेजारी बसवलं.

"हिला वाचता येतं. चौथीत घेते मी हिला, सोमवारपासून. पण मला खरं सांगा, राहणार का तुम्ही? गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली होती. वर्गाला सांगितलं, हिला सांभाळून घ्या. पोरांनी घेतलं. एक मैत्रीण झाली तिची. आणि एके दिवशी ती आलीच नाही. ती मैत्रीण शेजारच्या जागेवर दप्तर ठेवून जागा धरायची हो, कितीतरी दिवस. कुणाला बसू देईना. मला ते बघवत नव्हतं. जायचं असेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही. जागा झाली की हिला लहान मुलांत बसवते, तिथं येणंजाणं चालतं."

आजवर या प्रश्नाला आईचं एकच उत्तर ठरलेलं होतं. देवाला ठाऊक, असं म्हणायचं आणि मान खाली घालायची. तेच ओठावर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"राहणार."

देव दर वेळी चमत्काराचा थाट मांडत नाही. कधी दमलेल्या बाईच्या तोंडून एक शब्द काढून घेतो आणि निघून जातो. पुढचं निस्तरायचं आपण.

निस्तरणं संध्याकाळी आलं.

"राहणार म्हणालीस? कुणाला विचारून?" बाप एक बूट हातात धरून बसला होता.

"कुणालाच नाही."

"आणि माझं काम?"

"तुम्ही जा."

"म्हणजे? नवऱ्याला जा म्हणतेस?"

"मग काय करू? माझ्या घड्यांवर खोलीचं भाडं निघेल, तिघांचं पोट नाही निघणार. तुमचं काम सुटलं तर खायचं काय, ही खळ? तुम्ही तिकडे कमवा, आम्ही इथं राहतो. रजा मिळेल तेव्हा या."

"माझ्या जेवणाचं काय?"

"शिका. एवढा गिलावा कालवता, पीठ नाही कालवता येत?"

त्याला हसू आलं, पण ते ओठांवरच वाळलं. "लग्नाला अकरा वर्षं झाली. तू, मी आणि बोचकं, कधी वेगळे झालो नाही."

"मला हौस आहे का हो?" आईचा आवाज चिरकला. "तिची गोष्ट ऐकलीय तुम्ही? तुम्हाला वेळ कुठंय. पोरीला वाटतं शाळेनंतर बोचकं येतंच. दिवसानंतर रात्र यावी तसं. आत्ता नाही थांबवलं तर ती जन्मभर तशीच वाचत राहील."

 बापानं बूट खाली ठेवला, उठला, आणि सवयीनं भिंतीवरून तळहात फिरवला, कुठं फुगवटा आहे का बघितल्यासारखा.

"ठके, दाखव बरं ते पुस्तक."

ठकीनं मांडीवर पुस्तक उघडलं आणि बापाला सगळं वाचून दाखवलं. तो चित्रांवर बोट ठेवून ऐकत होता.

"यात बाप कुठंय गं?"

"हा काय. पहिल्या पानावर. बोचकं उचलतोय."

"नंतर?"

ठकीनं पानं उलटली. गावात उतरताना मुलीचा हात आईच्या हातात होता. रांगेत आई. फाटकाशी आई. शेवटच्या पानावर खिडकीतून बघणारी आई. तिनं परत एकदा पहिल्यापासून पाहिलं.

"नंतर नाहीये, बाबा. काढायचा राहिला असेल."

"राहिला नाही," बाप म्हणाला. "कामावर गेला असेल."

आई पाठमोरी होऊन चुलीशी काहीतरी उगाच हलवत राहिली.

सोमवारी ठकी चौथीत बसली. खिडकीजवळची जागा, शेजारी एक दात पडलेली मुलगी, तिनं पहिल्याच तासाला आपली पेन्सिल पुढं केली. महिनाअखेरीस बाप निघाला. या वेळी बोचकं एकच होतं आणि लहान होतं. एवढं हलकं ओझं उचलायची सवय नसल्यानं तो जरा तोल गेल्यासारखा चालत होता. थांब्यावर त्यानं आईला सांगितलं, "तुम्ही थांबू नका, तिची घंटा होईल." आणि त्या दोघी खरंच थांबल्या नाहीत. घंटा व्हायचीच होती.

ठकी शाळेत टिकली. पावसाळा गेला, थंडी गेली, बाकावरची तिची जागा तिचीच राहिली. आई अजून घडीला आहे, मनगटं अजून ठणकतात, रात्रीचं दार लावताना आता तिलाच दोनदा बघावं लागतं. बाप सुट्टी जुळली तर येतो. आला की पहिल्या दिवशी पोरगी थोडी लाजते, आणि ओळख पक्की होते न होते तोच त्याची निघायची वेळ होते.

गोष्ट एवढीच. आता उठा, घरी जा, उशीर झालाय. ठकीची काळजी करू नका, तिला बाई आहेत. आईजवळ लेक आहे. पण अर्धवट बांधलेल्या त्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर अंग टाकणारा एक माणूस आहे. दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करतो आणि स्वतःचं पीठ अजून त्याला नीट कालवता येत नाही. निजण्याआधी हात जोडाल ना, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की क्षणभर त्याची आठवण काढा. त्याचं नाव मला ठाऊक नाही. ज्याला सांगायचं, त्याला ठाऊक आहे.